बाजारातल्या मावशीस, तिसऱ्यांच्या (शिंपल्यांच्या) वाट्याबद्दल

ती. मावशीस सा. न.

तुझी नात मोबाईलवरून हे तुला वाचून दाखवेल, म्हणून इथे लिहितोय. मालवणच्या बाजारात तुझ्यासमोर उभं राहून आभार मानले असते तर तू ते हसण्यावारी नेलं असतंस, आणि वर भाव वाढवला असतास.

माझ्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतला रॅकून बटरफ्लाय मासा, तो पिवळ्या अंगाचा आणि डोळ्यावर काळी पट्टी असलेला, आता छान भरलाय. मुंबईहून आणला तेव्हा तो काहीच खात नव्हता. दाणे टाकले, फ्रोझन आर्टेमिया (कोळंबीसारखे बारीक जीव) टाकला. जवळ यायचा, बघायचा आणि वळायचा. या माशांचं तोंड निमुळतं, दात केसाएवढे बारीक. समुद्रात खडकावरचं टिपत फिरायची सवय. पाण्यात तरंगणारा दाणा खायचा असतो हे त्यांच्या गावीही नसतं. शिवाय अंग चपटं, उपास सोसत नाही. पाठीची कड आत गेलेली दिसू लागली होती.

अशा माशाला उघडी शिंपली द्यावी, एवढं मला वाचून ठाऊक होतं. पण बारक्या आणि जिवंत तिसऱ्या कुठून आणायच्या? मी तुला विचारलं तेव्हा तू म्हणालीस, "माशाक तिसऱ्यो? अरे, माणसाक गावनत नाय हंय!" आणि दुसऱ्या दिवसापासून मोठ्या वाट्यातून बारीक बारीक निवडून माझ्यासाठी बाजूला ठेवू लागलीस.

खरं शिकवलंस ते निवडण्याबद्दल. तोंड वासून पडलेली तिसरी बोटाने टिचकी मारून बघायची. मिटली नाही तर ती मेलेली, ती घ्यायची नाही. रात्रभर खाऱ्या पाण्यात ठेवायच्या म्हणजे पोटातली वाळू सोडतात. तू हे सांगितलंस कालवणात कचकच लागू नये म्हणून, पण तीच वाळू आणि घाण माझ्या टाकीतही नको होती. मग एक शिंपली सुरीने उघडून खडकाच्या फटीत ठेवली. रॅकून आला, मांसाला एकदा चोच मारली आणि पुढे थांबलाच नाही. उरलेलं दोन-तीन तासांत काढतो, नाहीतर सडून अमोनिया होतो. नंतर त्याच रिकाम्या शिंपल्यांत फ्रोझन कोळंबीचा चुरा दाबून बसवला. शिंपली ओळखीची असल्याने तोही खाल्ला, आणि आता हातातून टाकलेलंही टिपतो.

बटरफ्लायच्या सगळ्याच जाती अशा वळत नाहीत हे मात्र इथल्या शौकिनांनी ध्यानात ठेवावं. मेयरी, ऑर्नेट या जाती जिवंत प्रवाळाचे पॉलिप, म्हणजे प्रवाळातले इवलेसे जीव, खाऊनच जगतात. तू दिलेल्या तिसऱ्यांनीही त्यांचं भागणार नाही. प्रवाळ वन्यजीव कायद्याने संरक्षित, तो समुद्रातून आणायचाच नाही. दुकानात कितीही देखण्या दिसल्या तरी त्या घेऊ नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. आपल्याच सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या खडकांवर पाण्यात उतरून बटरफ्लायफिश बघता येतात. १९८७पासून तिथे सागरी अभयारण्य आहे, आणि त्यांना तिथेच राहू द्यावं.

पाण्याबद्दलही तू बरोबर बोललीस. पावसाळ्यात खाडीला लाल पाणी येतं, किनाऱ्याचं पाणी गोडं होतं, तेव्हा ते टाकीत घालू नको म्हणालीस. ते मी बाराही महिने घालत नाही. मीठ विकतचं, घनता १.०२५. वीज गेली की बॅटरीचा एअर पंप. आपल्याकडे जून लागला की तो हाताशी हवाच.

आता एक काम सांगतो. पावसाआधी थोड्या तिसऱ्या सोलून फ्रीझरला टाकायच्या आहेत. येत्या बुधवारी बारक्यांचा एक वाटा जास्त ठेव. आईला कालवणासाठी मोठ्या हव्यात, त्या वेगळ्या. आणि या वेळी पैसे पूर्ण घे, "माशाचे काय घेव" म्हणू नको.

तुझा,
टाकीवालो