चागोसचा प्रश्न मिटला, पण कुणाचा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला मॉरिशसच्या २०२४ सालाचा आढावा वाचला. एवढ्याशा देशाला तुम्ही अर्धं पान दिलंत, त्याबद्दल आभार. पण हिंदी महासागरातल्या ज्या बेटांवर ब्रिटनचा ताबा आणि मॉरिशसचा हक्क असा वाद होता, त्यांच्याबद्दल ‘ऑक्टोबरमध्ये चागोस बेटांचा प्रश्न मिटला’ एवढं लिहून लेखक थेट पर्यटनाकडे वळले, त्याचा मनापासून राग आला.

मी बोटीवर नोकरी केली. इंजिनाच्या दुरुस्तीसाठी आमची बोट मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरात अडकली होती, तेव्हा गोदीतल्या एका कामगाराने मला घरी जेवायला नेलं. पत्र्याची खोली. त्याची आई दाराशी नारळ खवत बसली होती, आमच्या दापोलीत कुणाचीही आजी बसते तशी. ती मूळची चागोसमधल्या दिएगो गार्सिया बेटाची. अमेरिकेच्या लष्करी तळासाठी ब्रिटिशांनी १९७१ साली ते बेट रिकामं केलं. लोकांचे कुत्रे खोबरं सुकवायच्या शेडमध्ये कोंडले आणि गाड्यांचा धूर सोडून मारले. त्यात तिचाही होता. तिचं क्रेओल बोलीतलं बोलणं मुलगा मला मोडक्या इंग्रजीत सांगत होता. कुत्र्याचं नाव तेवढं सांगावं लागलं नाही. ते तिने हाक मारावी तसं घेतलं.

ब्रिटन आणि मॉरिशसच्या ३ ऑक्टोबरच्या घोषणेनुसार बेटांवर सार्वभौमत्व मॉरिशसचं, तळ मात्र सुरुवातीला ९९ वर्षं ब्रिटनच्या ताब्यात. मॉरिशसला बाकीच्या बेटांवर वस्ती करता येईल, दिएगो गार्सियावर नाही. म्हणजे त्या आजीच्या नातवंडांना तिच्या गावी राहायला जाता येणार नाहीच. वाटाघाटीत चागोसच्या माणसांना कुणी बसवलंही नव्हतं. शिवाय २०२४ संपलं तेव्हा करारावर सह्याही झाल्या नव्हत्या आणि नोव्हेंबरच्या निवडणुकीनंतर आलेल्या मॉरिशसच्या नव्या सरकारला अटी बदलून हव्या होत्या. मग मिटलं काय?

निवडणुकीचंही तसंच. लेखात म्हटलंय तशा, विरोधी नेते रामगुलाम यांच्या आघाडीने ‘सर्व जागा’ जिंकल्या नाहीत. ६२ पैकी ६० जिंकल्या, दोन मॉरिशसच्याच रॉड्रिग्ज बेटावरच्या स्थानिक पक्षाला गेल्या. मुख्य बेटावरच्या साठच्या साठ जागा एकाच बाजूला जाणं १९८२ आणि १९९५ मध्येही घडलं होतं, त्यामुळे लेखकाने शोधली तशी त्यात भारत-चीन चुरस शोधायची गरज नाही. लोक महागाईने गांजले होते. त्यात पुढारी, पत्रकार, वकील यांची चोरून ऐकलेली फोनवरची बोलणी बाहेर आली आणि तेव्हाचे पंतप्रधान जगन्नाथ यांच्या सरकारने समाजमाध्यमंच बंद करायचा हुकूम काढला. ओरड झाल्यावर तो लगेच मागे घ्यावा लागला. स्वतः जगन्नाथही पडले. आधीच्या सरकारने विकासदर फुगवून दाखवला, असं नव्या सरकारने डिसेंबरमध्ये संसदेत सांगितलं. तुमच्या लेखात आकडे मात्र जुनेच.

आणखी एक. मॉरिशसच्या अगालेगा बेटावरची धावपट्टी तुमच्या नकाशात चागोसमध्ये दाखवली आहे. अगालेगा मॉरिशसच्या उत्तरेला, चागोस तिथून कितीतरी पूर्वेला. फेब्रुवारीत त्या धावपट्टीचं उद्घाटन झालं तेव्हा तुम्हीच पहिल्या पानावर बातमी दिली होती. नकाशा छापण्याआधी कुणीतरी तपासत जा.

चागोसच्या लोकांवर स्वतंत्र लेख छापावा, ही विनंती. माझं मागचं पत्र तुम्ही चार ओळींवर आणलं होतंत. या वेळी जागा कमी पडली तर निवडणुकीचा परिच्छेद काढा, कुत्र्यांचा ठेवा.

आपला,
एक जुना वाचक, दापोली