पेनाला टोपण लावणाऱ्या डॉक्टर मॅडमना

मॅडम, नावं लिहीत नाही, तुमचंही नाही आणि आमचंही नाही, पण वाचलंत तर कोण लिहितंय ते तुम्हाला बरोब्बर कळेल.

कधीपासून लिहायचं डोक्यात होतं, पण विषयच असा की चारचौघात काढायची सोय नाही. लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर नवऱ्याने एकदा चाचरत सांगितलं की बेडरूममध्ये त्याला काहीतरी वेगळं ट्राय करून बघायचंय, मी त्याचे हात बांधावेत, सगळं माझ्या मनाप्रमाणे चालावं. मला राग नाही आला, खरं सांगायचं तर उत्सुकताच वाटली, फक्त हे नॉर्मल आहे का आणि करायचं तर कसं, हे विचारायचं कुणाला?

तुमच्या आधी ज्यांच्याकडे गेलो ते हसले. मोठ्याने नाही, गालातल्या गालात, ते जास्त लागतं. मग ह्याला विचारलं मोबाईलवर काय काय बघता, आणि मला सल्ला दिला की तुम्ही जरा नटूनथटून राहत जा! फी मात्र पूर्ण घेतली. त्यानंतर नवरा त्या विषयावर अवाक्षर काढेना, आणि नुसतं तेवढंच नाही हो, साधं जवळ येणंसुद्धा अवघडून गेलं.

म्हणून तुमच्याकडे आला तोच मान खाली घालून. बोलायला लागला, अडखळला, आणि नजर गेली तुमच्या हातातल्या पेनावर, आता ह्या काय लिहिणार म्हणून. तुम्ही ते बघितलंत. काही न बोलता पेनाला टोपण लावलंत, फाईल मिटून बाजूला सारलीत आणि म्हणालात, "बोला, घाई नाहीये." बस, एवढंच. शेजारी बसलेल्या मला त्याचे खांदे सैल पडलेले दिसले आणि माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. मग तो जे बोलला ते मलासुद्धा आधी कधी सांगितलं नव्हतं.

नंतर तुम्ही सांगितलंत की जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची जी नवी यादी २०२२ पासून लागू झाली, तिच्यात दोन मोठ्या माणसांनी राजीखुशीने केलेल्या असल्या गोष्टी आजार म्हणून धरलेल्या नाहीत. ते ऐकून त्याने मला परत एकदा विचारलं, "ऐकलंस ना?"

आणि ते दोन कागद! दोघांनी वेगवेगळं बसून लिहायचं, काय चालेल, काय नाही, कशाचं नंतर बघू. माझ्या एका ठाम 'नाही'वर हा "का पण?" म्हणायला गेला तर तुम्ही त्याला तिथेच थांबवलंत, नाहीला कारण द्यावं लागत नाही म्हणालात. बाकी सूचना इतक्या सरळ दिल्यात जसं काही गॅस वापरायला शिकवताय. गळ्याभोवती काहीही नाही, कात्री हाताशी, मुंग्या आल्या की लगेच सोडायचं, बांधलेल्या माणसाला एकटं सोडून जायचं नाही, दारू पिऊन तर अजिबात नाही, आणि सिग्नलसारखं, पिवळा म्हटलं की हळू, लाल म्हटलं की सगळं बंद, रुसवाफुगवा नाही. पहिल्याच वेळी लाल मी म्हटलं, बांधलेला तो होता तरी! मग दोघं किती वेळ हसत बसलो.

पुढचं काय ते आमच्यापाशी राहू दे. पण एक सांगते, ह्या निमित्ताने आम्ही जेवढं बोललो तेवढं सगळ्या संसारात बोललो नव्हतो. डिग्र्या त्या आधीच्यांकडेही होत्या, भिंतभर लावलेल्या. समोरचा माणूस लाजेने अर्धा झालाय हे दिसायला मात्र डिग्री लागत नाही, आणि दिसल्यावर त्याला सांभाळून घेणारी माणसं इतकी कमी का असतात कोण जाणे.

माझ्या एका मैत्रिणीला तुमचा नंबर दिलाय. ती एकटीच येईल, नवऱ्याला अजून काही बोललेली नाही. सुरुवातीला डोकेदुखीचंच सांगत बसेल, तेवढं ऐकून घ्या.