ऑपरेशनची तारीख घेण्याआधी

ठाणे

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांना,
साष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय निघाला की बाबा "आईशी बोल" म्हणतात आणि आई "तुम्ही ठरवाल ते" म्हणून कुकरकडे वळते. म्हणून लिहायला बसले. बाबा, चष्मा लावून शेवटपर्यंत वाचा. आणि आई, तूसुद्धा वाच, गुडघे तुझे आहेत.

शिबिरात आलेल्या डॉक्टरांनी दोन्ही गुडघे एकदमच बदलू असं सांगितलं, पॅकेज सांगितलं, याच महिन्यात नाव दिलं तर पुण्याला गाडीनं नेऊ-आणू असंही म्हणाले. बोलायला गोड आहेत, आणि शेजारच्या काकू त्यांच्याकडूनच गुडघा बदलून आल्या, त्या आता देवळाच्या पायऱ्या चढतात. काकूंचं छान झालं, मलाही बरं वाटलं. पण ज्यांचं बिनसलं त्या बायका देवळापर्यंत येतच नाहीत, मग त्या तुम्हाला भेटणार कुठे?

तर मी डॉक्टरांची चौकशी केली. बाबांच्या कपाळावर आठी पडली असणार, पण ताईच्या लग्नाच्या वेळी मुलाकडच्यांची चौकशी करायला तुम्ही थेट मालवणपर्यंत गेला होतात, तेव्हा तो त्यांचा अपमान वाटला नव्हता.

आईनं व्हॉट्सअ‍ॅपवर केसपेपरचा फोटो पाठवला होता. त्यावर वर ठळक अक्षरांत नाव आणि पदव्यांची रांग, आणि अगदी खाली, फोन नंबरच्याही खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत रजिस्ट्रेशन नंबर. हा नंबर छापणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या साइटवर तो टाकला की नाव, नोंदणीचं साल आणि जास्तीच्या पदव्या दिसतात. आपल्याकडे दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं, तेही यांनी केलेलं आहे. एम.बी.बी.एस. आहे, एम.एस. ऑर्थो आहे. जर्मनीची फेलोशिप मात्र तिथे नाही. यात लबाडी आहे असं मी म्हणत नाही. अशा बऱ्याच फेलोशिपा म्हणजे थोड्या दिवसांचं प्रशिक्षण असतं, कौन्सिल ते पदवी म्हणून नोंदवत नाही. किती दिवस होतात आणि तिथे स्वतःच्या हातानं किती ऑपरेशनं केली, हे त्यांनाच विचारायचं.

मग केसेस शोधल्या. १९९५ साली सुप्रीम कोर्टानं पैसे घेऊन केलेला उपचार ग्राहक कायद्याखाली येतो असं सांगितलं, तेव्हापासून डॉक्टरांविरुद्धच्या तक्रारी ग्राहक आयोगात जातात. निकाल नावावरून शोधता येतात. यांच्या नावावर राज्य आयोगाचा एक निकाल सापडला. तक्रार फेटाळलेली आहे.

आता बाबा म्हणतील, "सुटले ना, मग झालं!" मी निकाल पूर्ण वाचला. पेशंटच्या बाजूनं दुसऱ्या हाडांच्या डॉक्टरचा अभिप्राय आला नाही, हॉस्पिटलचे कागद अर्धवट होते, म्हणून हयगय सिद्ध झाली नाही. डॉक्टर चुकले असं यातून म्हणता येत नाही आणि चुकले नाहीत असंही नाही. गुडघे आणि मणके कापणाऱ्यांवर तक्रारी होतातच. दिवसभर अवघड केसेस घेणाऱ्या सर्जनच्या नावावर एखादी असणं आणि वर्षभर किरकोळ काम करणाऱ्याच्या नावावर एकही नसणं, यावरून कोण बरा ते ठरत नाही. मला त्या निकालात वेगळंच खटकलं. संमतीपत्रावर सही ऑपरेशनच्या दिवशी सकाळी घेतली होती, फॉर्म इंग्रजीत होता, आणि सही करणारी बाई मराठी चौथी शिकलेली. कायद्यानं तेवढं पुरलं असेल, आपल्याला पुरणार नाही.

आणि काही सापडलं नाही तरी काही नव्हतं असं धरून चालू नका. बरीच प्रकरणं आयोगाबाहेर मिटतात. तक्रार हॉस्पिटलच्या नावावर असते, डॉक्टरचं नाव आत कुठेतरी, स्पेलिंगही प्रत्येक कागदावर निराळं. दादानं मला बोस्टनहून तिकडची पद्धत दाखवली. मॅसॅच्युसेट्समध्ये १९९६ पासून डॉक्टरची माहिती सरकारच लोकांपुढे ठेवतं, गेल्या दहा वर्षांत हयगयीच्या दाव्यात भरपाई द्यावी लागली असेल तर तीही, आणि त्याच शाखेतल्या इतरांच्या मानानं ती जास्त की कमी तेही. अर्थात तिथेही देशभराची जी एकत्र नोंद आहे ती सामान्य माणसाला उघडत नाही, हॉस्पिटलं आणि परवाना देणारी मंडळं वगैरेच बघतात. आपल्याकडे तेवढीही एकत्र यादी नाही.

बाबा, परवा तुम्ही म्हणालात की या कोर्टकज्जांचा शहरातल्या लोकांना सोस असतो. तर ऐका. डॉक्टरांच्या हयगयीवरच्या ज्या निकालाचा आजही वकील दाखला देतात, तो आपल्या पालशेतच्या समुद्रावर सुरू झाला. ६ मे १९५३, दिवस मावळताना विशीतल्या एका मुलाचं डाव्या मांडीचं हाड मोडलं. घर दीड मैल लांब, बाज आणून त्याला घरी नेलं. गावच्या डॉक्टरांनी फळ्या बांधल्या, पुण्याला न्यायला सांगितलं आणि दोन दिवसांनी फळ्यांच्या जागी पाय हलू न देणारे स्प्लिंट बांधले. मुलाचे वडील स्वतः डॉक्टर, दौंडला दवाखाना. रात्रीच टॅक्सीनं निघून मुलाला सकाळी साडेअकराच्या सुमारास पुण्याला आणलं, तिथे तेही आले. तिथल्या सर्जननं भूल न देता, माणसांकरवी पाय ओढून हाड बसवलं, असं कोर्टानं धरलं. त्याच रात्री मुलगा गेला. सुप्रीम कोर्टाचा निकाल लागला १९६८ च्या मे महिन्यात, पंधरा वर्षांनी, आणि भरपाई होती ३,००० रुपये. डॉक्टर असलेल्या बापाला इतकं झगडावं लागलं. नंतर न्याय मिळाला तरी त्यानं आपलं काय होणार? म्हणून जे बघायचं ते आधी बघायचं.

त्याच निकालात कोर्टानं सांगून ठेवलंय की डॉक्टरनं तीन ठिकाणी काळजी घ्यायलाच हवी. केस हातात घ्यायची का हे ठरवताना, कुठला उपचार करायचा हे ठरवताना, आणि तो करताना. मी आईसाठी प्रश्न काढले ते याच क्रमानं.

पहिला, गुडघे बदलायलाच हवेत का? शिबिरात उभ्यानं काढलेला एक्सरे त्यांनी बघितला का, की नुसतं चालताना बघून गादी झिजली म्हणाले? आईनं वजन, व्यायाम, फिजिओथेरपी यातलं काहीच धड केलेलं नाही. (आई, रागावू नकोस.)

दुसरा, दोन्ही एकदम का? आईला शुगर आहे, बीपी आहे. या वयात दोन्ही गुडघे एकाच वेळी केले तर हृदयावर आणि फुप्फुसांवर ताण जास्त येतो, म्हणून पुष्कळ सर्जन मध्ये काही महिने जाऊ देतात. एकाच खर्चात आणि एकाच मुक्कामात होतं हे कारण हॉस्पिटलच्या सोयीचं आहे. तिच्या प्रकृतीच्या दृष्टीनं काय कारण आहे ते त्यांनी सांगावं. तीन महिन्यांची सरासरी शुगर किती असली तर ऑपरेशन पुढे ढकलतील, हेही विचारायचं. नुसतं "काळजी करू नका" म्हणाले तर तो आकडा नव्हे.

तिसऱ्यावर मी अडून बसणार आहे. ऑपरेशन स्वतः करणार की हाताखालचे? भूल कोण देणार, आणि ते भूलतज्ज्ञ आदल्या दिवशी आईला तपासणार का? वर्षाला किती गुडघे करतात, गेल्या वर्षी त्यातले किती इन्फेक्शनसाठी परत उघडावे लागले? चांगल्या सर्जनला हे आकडे तोंडपाठ असतात, आणि ते विचारल्याचा त्याला रागही येत नाही. ज्याला येईल त्याच्याकडे आई जाणार नाही. शिवाय कुठल्या कंपनीचा सांधा बसवला त्याचे स्टिकर डिस्चार्जच्या फाइलला लावून मिळायला हवेत. पुढे काही निघालं तर तेवढाच पुरावा हातात असतो. सगळे कागद मागितल्यापासून ७२ तासांत देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे.

"एवढ्या मोठ्या माणसाला असं कसं विचारायचं" असं बाबा म्हणतील. एसटीत तिकीट तपासायला साहेब चढले तर ओळखीच्या कंडक्टरचाही हिशेब बघायचे, हे तुम्हीच सांगता. तुम्हाला संकोच वाटत असेल तर मी विचारेन, तुम्ही शेजारी नुसते बसा.

पुढच्या शनिवारी रात्रीच्या गाडीनं येतेय. तोवर अ‍ॅडव्हान्स भरू नका आणि गाडीत नाव लावू नका. कितीही घाई केली तरी "मुलगी येतेय" एवढंच सांगा. चिपळूणला एका दुसऱ्या हाडांच्या डॉक्टरांची सोमवारची वेळ घेतली आहे. त्यांचा या हॉस्पिटलशी काही संबंध नाही आणि ते स्वतः गुडघे बदलत नाहीत, म्हणूनच निवडले. आईचे जुने-नवे एक्सरे, शुगरचे रिपोर्ट आणि गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत काढून ठेवा. लॅबच्या नव्या रिपोर्टचा फोटो नको, कागदच आणा, फोटोत अर्धे आकडे बोटाखाली जातात.

कळावे, लोभ असावा.
तुमची,
मीनल