बर्नरवाले काका, हे तुमच्यासाठी

काका, फोनवर थँक्यू म्हणालो तर तुम्ही "अहो त्यात काय एवढं" म्हणून फोन ठेवूनच दिलात, म्हणून आता लिहूनच टाकतो, इथे तरी मधे तोडता येणार नाही तुम्हाला.

पावडर कोटिंगचा, म्हणजे धातूवर मारलेली रंगाची पावडर भाजून पक्की करायचा ओव्हन बंद पडला की काय होतं हे ज्याने भोगलंय त्यालाच कळेल. आतला माल 180 डिग्रीच्या आसपास ठराविक वेळ राहिलाच पाहिजे, मधेच बर्नर गेला की पावडर अर्धवट शिजते, मग ती ना धड बसलेली ना धड काढता येणारी. आणि आमचा बर्नर तर रोजच जात होता. लाल लाईट, लॉकआउट (म्हणजे ज्योतीवर लक्ष ठेवणारा कंट्रोलर बर्नर बंद करून अडकवून ठेवतो), रिसेट, थोडा वेळ चालणार, परत लाल लाईट. काचेतून बघावं तर ज्योत छान निळी, आणि कंट्रोलर म्हणतोय ज्योत नाहीच!

तुमच्या आधी जे येऊन गेले त्यांच्याबद्दल न लिहिलेलंच बरं, पण थोडं लिहितोच. एकाने आल्या आल्या कंट्रोलर बदलला, बिल लावलं, गेला. दुसरा म्हणाला गॅस व्हॉल्व्ह खराब आहे, तोही बदलला, काही फरक नाही. तिसऱ्याने सरळ विचारलं की एअर प्रेशर स्विचला जंपर मारून, म्हणजे वायर जोडून बायपास करून देऊ का, चालेल मग. म्हणजे जो स्विच सांगतो की जाळायला हवा येतेय, त्यालाच गप्प बसवायचं! आमच्या ऑपरेटरने तोंडावर नाही म्हणून सांगितलं, तर जाता जाता त्याच्यावरच ढकललं, "तुमच्या पोराला चालवता येत नाही". आणि ऑफिसमध्ये सगळ्यांना ते पटलं पण, कारण सोपं होतं ना पटायला.

तुम्ही आलात तेव्हा पण मला वाटलं आणखी एक आला. तुम्ही बॅग खाली ठेवली पण उघडली नाही. तिथला रिकामा ड्रम ओढलात, त्यावर बसलात आणि मला नाही, आमच्या त्या ऑपरेटर पोराला विचारलंत, "तुम्ही रोज असता याच्याजवळ, तुम्हीच सांगा, कधी पडतो हा?" तो आधी माझ्याकडे बघायला लागला. तुम्ही थांबलात. घाई नाही, मोबाईल नाही, काही नाही, नुसते थांबलात. मग तो हळूहळू बोलायला लागला, की लो फायरला (कमी आचेवर) तासन्तास चालतो, हाय फायरला (मोठ्या आचेवर) गेला आणि बॉडी थरथरायला लागली की पडतो. हे त्याने आधीच्यांना पण सांगायचा प्रयत्न केला होता काका, कोणी वाक्य पूर्ण करू दिलं नव्हतं.

त्यानंतरचं काम तर तुम्ही इतक्या पटकन केलंत की मला सगळं कळलंही नाही. फ्लेम रॉडच्या, म्हणजे ज्योतीत असणाऱ्या सळईच्या वायरमध्ये मीटर लावलात, करंटचा आकडा 1 मायक्रोअँपच्या (अँपिअरचा दहा लाखावा भाग) आत-बाहेर नाचत होता, आणि तुम्ही बर्नरच्या बॉडीवर नुसता हात दाबलात तर वर गेला. मग अर्थिंगची वायर बघितलीत. मागच्या "फुल सर्व्हिसिंग"मध्ये कोणीतरी बर्नर चकाचक रंगवला होता आणि अर्थिंगचा लग (वायरच्या टोकाची चकती) त्या रंगावरच बसवून बोल्ट आवळला होता, मधे रंग, मग करंट जाणार कुठून! आम्ही त्या रंगाचं कौतुक केलं होतं बरं का. तुम्ही त्या पोराला समजावलंत की रॉडपासून ज्योत, ज्योतीतून बॉडी आणि बॉडीतून अर्थ, असा करंट फिरतो तेव्हाच कंट्रोलरला ज्योत दिसते, यातलं एक जरी सुटलं तरी त्याच्या लेखी आग विझली आणि तो सेकंदभरात गॅस तोडणार, आणि तोडतो तेच बरोबर आहे. रंग खरवडला, लग बसवला, रॉडवरचा पांढरा थर साफ केला, आकडा 5 च्या वर जाऊन गप्प उभा राहिला. मीटर तेव्हा त्या पोराच्या हातात होता, तुम्हीच दिला होतात.

पांढऱ्या थराचं तुम्ही सांगितलेलं पण लक्षात आहे, की कन्व्हेयरच्या चेनला कोणीतरी सिलिकॉनचा स्प्रे मारतंय, ती वाफ बर्नरच्या हवेत जाते, जळते आणि रॉडवर बसते. तो स्प्रे बंद केला तर जॉबवर, म्हणजे कोटिंग केलेल्या मालावर बारीक खड्डे पडायचे ते पण कमी झाले, त्यासाठी आम्ही पावडरवाल्याशी भांडत बसलो होतो. असो, त्याला सॉरी म्हणायचं काम ऑफिसवाल्यांनी करावं.

आणि जाताना दार उघडं असलेल्या पॅनलसमोर उभं राहून सगळ्यांच्या देखत म्हणालात, "सारखं रिसेट दाबू नका, दर वेळी न जळलेला गॅस आत जातो. आणि जंपरला नाही म्हणाला तो माणूस सांभाळा." त्या पोराचा चेहरा तुम्ही बघितला नाहीत, तुम्ही बॅग भरत होतात.

काम येणारी माणसं पुष्कळ भेटतात हो. पण ज्याचा हात रोज मशिनला लागतो त्याला काहीतरी कळत असेल असं धरून चालणारा माणूस फार कमी भेटतो, मग तो डॉक्टर असो नाहीतर मेकॅनिक. ज्याला खरंच येतं त्याला समोरच्याला गप्प करावं लागत नाही, असं माझं तरी मत झालंय. बिल पण फक्त व्हिजिटचं लावलंत, पार्ट काही लागलाच नाही म्हणून. हे पुढच्या वेळी चालणार नाही, नीट लावा.

आता त्या पोराने एक वही केलीय, दर सोमवारी मायक्रोअँपचा आकडा लिहितो, लो फायर आणि हाय फायर वेगवेगळा. त्याचा एक प्रश्न आहे, हाय फायरचा आकडा परत जरासा उतरायला लागलाय, लो फायरचा तसाच आहे, तर रॉड आत्ताच साफ करायचा का अजून थांबायचं? मला विचारतो, मी काय सांगणार. त्यालाच फोन करायला सांगितलंय, तेवढा उचला.