उजवा कौल

म्हार्दोळ,
श्रावणातला दुसरा सोमवार

प्रिय दिगू,

परवा फोनवर तू विचारलंस, "मी त्या डेटिंग ॲपवर नाव घालू काय रे?" आणि मी तुझी टर उडवली. फोन ठेवल्यावर वाईट वाटलं. एक लग्न मोडल्यावर, अडतिसाव्या वर्षी, पुण्यातल्या त्या फ्लॅटमध्ये एकटा बसून माणूस असं विचारतो तेव्हा ते हसण्यावारी न्यायचं नसतं. शिवाय मी स्वतः दीड वर्ष तिथे होतो, हे तुझ्यापासून लपवलं होतं. म्हणून हे पत्र. मोबाइलवर लिहिलं असतं तर तू अर्धं वाचून अंगठा पाठवला असतास.

तुला रघूकाका आठवतो? काळी छत्री, रेक्झिनची पिशवी आणि तिच्यात रबराने बांधलेली स्थळांची वही. माझ्यासाठी त्याने डिचोलीची एक मुलगी आणली होती. आम्ही बघायला गेलो, पोहे झाले, मला ती आवडली. आठवड्याने काका घरी आला, सोप्यावर बसून अख्खा पेलाभर चहा प्याला आणि मग आईला म्हणाला, "सगळं बरं होतं गो, पण त्यांनी देवाला विचारलं, आणि प्रसाद उजवा आला नाही." आईने मान हलवली. विषय संपला. मुलीला मी आवडलो नव्हतो, हे मला बघायला गेलो तेव्हाच तिच्या चेहऱ्यावर दिसलं होतं. पण आमच्याकडे ते कुणी बोलून दाखवत नाही. देवाला लावलेल्या पाकळ्यांतली उजवी आधी पडली की हो, डावी पडली की नाही, आणि नाही म्हणणारा देव. त्याच्याशी भांडायला कोण जाणार? पुढे ती मुलगी मला जत्रेत भेटली, कडेवर पोर घेऊन. दहा मिनिटं आम्ही छान गप्पा मारल्या. कुणाच्याच मनात काही नव्हतं.

आता ॲपची गंमत बघ. तिथेही समोरचा फोटो बोटाने उजवीकडे सारला की हो, डावीकडे सारला की नाही. पहिल्या रात्री हे लक्षात आलं आणि मी एकटाच हसत बसलो. टिंडर २०१२ साली आलं आणि ही बोटाने सारायची पद्धत जगभर पसरली. आमच्या देवळांत ती आजोबा-पणजोबांपासून आहे. पण सारखेपणा एवढ्यावर थांबत नाही. दोघांनीही उजवीकडे सारलं तरच दोघांना कळतं. तुला डावीकडे कुणी सारलं, ते तुला कधीच कळत नाही. म्हणजे पहिल्या नकाराची नांगीच काढून टाकलेली. ज्याने कुणी हे योजलं त्याला माणसाच्या अब्रूची चांगली जाण असली पाहिजे.

गोव्यात मात्र ॲप वापरणं म्हणजे मजाच. मी किलोमीटरचं वर्तुळ लहान ठेवलं, तर तिसऱ्या फोटोत माझी सख्खी मामेबहीण. (तिनेही मला बघितलं असणार. चवथीला दोघेही गणपतीवरच्या माटोळीकडे बघत बोललो.) वर्तुळ मोठं केलं, तर शुक्रवार संध्याकाळपासून कांदोळी-बागाची गर्दी: बंगळूरची, दिल्लीची माणसं, रविवारच्या विमानापर्यंत प्रेम शोधणारी. सोमवारी सकाळी सगळी नाहीशी, ओहोटीच्या पाण्यासारखी.

तुझ्यासारखा हिशेबी माणूस विचारेल, यातून कुणाचं जमतं तरी का? जमतं. स्टॅनफर्डच्या मायकेल रोझनफेल्ड यांची पाहणी आहे: २०१७ साली अमेरिकेत जमलेल्या स्त्री-पुरुष जोडप्यांपैकी सुमारे ३९ टक्के ऑनलाइन भेटली होती. मित्रमंडळींतून ओळख होण्याची जुनी वाट तिथे मागे पडली. म्हणजे तिकडचा रघूकाकाही घरी बसला.

तुला गणित आवडतं म्हणून आणखी एक सांगतो. १९६२ साली डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली यांनी जोड्या लावायची एक रीत कागदावर मांडली. एका बाजूचे सगळे आपल्या पहिल्या पसंतीला विचारतात. समोरची बाजू आलेल्यांतला बरा तेवढा हातचा धरून ठेवते, बाकीच्यांना नाही म्हणते. नाही म्हटलेले दुसऱ्या पसंतीकडे जातात. असं करत करत सगळं स्थिर होतं. शॅप्लींना २०१२ साली नोबेल मिळालं, आणि हिंज नावाच्या ॲपने २०१८ पासून रोजचं एक स्थळ सुचवायला हीच रीत हाताशी धरली. मला यातलं काय भावलं सांगू? ही सगळी रीत नकारावर चालते. कुणीतरी स्पष्ट नाही म्हटल्याशिवाय पुढचा पुढे सरकतच नाही.

आणि ॲपवर नेमकं तेच होत नाही. पहिला नकार यंत्राने झाकला, पण दुसरा? बोलणं झाल्यावर, भेटल्यावर द्यायचा नकार? तो पूर्वी रघूकाका छत्रीखालून घेऊन यायचा. आता तो कुणाचंच काम नाही. मग लोक नुसते गप्प होतात. माझ्याशी तीन आठवडे रोज रात्री बोलणारी एक बाई पणजीला फोंतैन्यसमध्ये एकदा कॉफी प्याली आणि नाहीशी झाली. मी महिनाभर माझ्या शर्टाला दोष देत होतो.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. दिगू, मीही तेच केलं.

सावंतवाडीची होती. शिक्षिका. आम्ही म्हापशाला भेटायचं ठरवलं, शुक्रवारच्या बाजाराचा दिवस. ती एसटीने आली, दीड तास उभी राहून. येताना माझ्यासाठी जुन्या वर्तमानपत्रात बांधून मालवणी खाजं आणलं होतं, आलं घातलेलं. बोलत होती चांगली. मला मात्र पहिल्या पंधरा मिनिटांत कळलं होतं की माझं मन तिथे लागत नाही. मी तिला स्टँडवर सोडलं, खिडकीपाशी उभा राहून हात केला. संध्याकाळी मेसेज आला, "पोचले घरी." मी वाचला. दोन निळ्या खुणा तिलाही दिसल्या असणार. काय लिहू ते सुचेना म्हणून उद्यावर टाकलं. उद्या गेला, परवा गेला, मग इतके दिवस झाले की लिहायचीच लाज वाटू लागली. खाजं आईने खाल्लं आणि विचारलं, "कुणी दिलं रे?" मी म्हटलं, बाजारातून आणलं.

तो मेसेज अजून आहे. त्याच्याखाली काही नाही.

आता मर्लिनबद्दल. (हो, मर्लिन. थोडा दम धर.) माझं ऑफिस रायबंदरला. एकदा जेवणाच्या सुट्टीत ॲपने एक फोटो दाखवला आणि खाली लिहिलं: २ किलोमीटर. ते ॲपचं अंतर, सरळ रेषेतलं. मधे मांडवी आहे हे त्याला काय ठाऊक? ती चोडणची. आडनाव दिसत नव्हतं, नुसतं नाव. आपल्याकडे आडनावावरून गाव कळतं, गावावरून देऊळ, देवळावरून जात. तिथे यातलं काहीच नव्हतं, आणि तिचं देऊळच नाही. रघूकाकाच्या वहीत हे नाव सात जन्मांत चढलं नसतं. इथे मी ॲपला मानतो.

पहिल्यांदा भेटलो ते फेरीबोटीवर. ती कामावरून सुटून घरी चालली होती. मी नुसताच तिच्याबरोबर चोडणला जायला चढलो. कठड्याला टेकून उभे राहिलो, बाजूला मासळीची टोपली आणि तीन स्कूटर. काय बोललो ते फारसं आठवत नाही. बोट धक्क्याला लागताना फळी खाली पडते ना, त्या खडखडाटात ती काहीतरी म्हणाली. मी म्हटलं, "कितें?" ती ओरडली, "तूं नाका जालो जाल्यार हांव नाका म्हणून सांगतलें! ना जावची ना! तूंय सांग!" म्हणजे, तू नको झालास तर नको म्हणून सांगेन, नाहीशी होणार नाही, तूही सांग. टोपलीवाली बाई वळून माझ्याकडे बघू लागली. स्कूटरवाल्याने हॉर्न वाजवला. मी मान डोलावली. उतरून आम्ही खारफुटीच्या बाजूने थोडं चाललो आणि मी तिला सावंतवाडीची गोष्ट सांगितली. सगळी. तिने बराच वेळ काही म्हटलं नाही. मग विचारलं, "खाजें बरें आसलें?"

सात महिने झाले. तिच्या घरी अजून सांगितलेलं नाही, तिची आई नोव्हेनाला, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थनेला, बसली की मर्लिनसाठी नवरा मागते, असं ती सांगते. लग्न झालंच तर ते अवघड नाही. गोव्यात सगळ्यांना एकच कायदा, पोर्तुगिजांच्या १८६७ च्या संहितेपासूनचा. धर्म कुठलाही असो, रजिस्ट्रारकडे जाऊन आधी एक सही, मग काही दिवसांनी दुसरी. मर्लिन म्हणते, दोन सह्यांच्या मधले ते दिवस बरे आहेत, नाही म्हणायला.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: घाल नाव. फोटो त्या लग्नातला नको, कुर्त्यात तू पुढाऱ्यासारखा दिसतोस. आणि "फिरायची आवड" असं लिहू नकोस, तुला घाटात गाडी लागते हे पहिल्या सहलीत कळेलच.

आईला मी गेल्या रविवारी सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. नाव ऐकून तिने सूप खाली ठेवलं, पुन्हा उचललं. रात्री जेवताना म्हणाली, येत्या गुरुवारी देवळात जाऊन प्रसाद घेते. माझ्या घशात घास अडकला. मी विचारलं, आणि डावा आला तर?

"दावो आयलो जाल्यार परत विचारूंया," ती म्हणाली, आणि मला आणखी आमटी वाढली.

चवथीला ये. येताना चितळेंची बाकरवडी आण, दोन पाकिटं. एक चोडणला जाईल.

तुझा,
नंदू