बाबा, पुतळ्यापाशी ठेवलेल्या त्या नाण्याबद्दल

ती. बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

सगळं ठीक आहे हे आधीच सांगते, नाहीतर आई शेवट आधी वाचणार. जेवते वेळेवर. थंडी आपल्या साताऱ्याएवढीच आहे, आणि व्हिडिओ कॉलवर मी बारीक दिसते ते कॅमेऱ्यामुळे. बाकी लॅब, बस, रूममेटची भांडी, सगळं तुम्हाला पाठ आहे. एवढं लांबलचक व्हॉट्सॅपवर कोणी वाचणार नाही म्हणून मेल करतेय, दादाला प्रिंट काढायला सांगा.

रविवारी बाबा जे बोलले आणि मग फोन आईकडे देऊन टाकला, त्याचं उत्तर मला तेव्हा सुचलंच नाही. माझ्या स्टेटसमधला तो पुतळा बघून बाबांनी शोधून काढलं की हा गुलामगिरीच्या बाजूने लढलेला जनरल आहे, आणि म्हणाले, त्याच्या पाया पडायला तुला टेक्सासला पाठवलं का? बाबा, मी पाया पडले नाही, नाणं ठेवलं. फरक आहे. म्हणजे तेव्हा तरी वाटला.

आता ती पद्धत नीट सांगते. आमच्या टेक्सास ए अँड एम युनिव्हर्सिटीच्या कॅम्पसवर अकॅडमिक बिल्डिंगच्या समोर लॉरेन्स सुलिव्हन रॉस याचा ब्राँझचा पुतळा आहे, १९१८ सालचा, पण त्याला कोणीच पूर्ण नावाने बोलवत नाही, सगळे सुली म्हणतात, आपण मारुतीरायाला कसं घरातलंच समजतो तसं. परीक्षेच्या आधी पोरं येतात आणि त्याच्या बुटांपाशी एक पेनी ठेवतात. पेनी म्हणजे एक सेंट, आपले साधारण ९० पैसे. पेनीच का, तर म्हणे हा इथे कॉलेजचा प्रेसिडेंट, म्हणजे प्रमुख, असताना पोरांना अभ्यासात मदत करायचा आणि पैसे विचारले की म्हणायचा तुझ्या डोक्यात काय चाललंय ते सांग, त्याची एक पेनी, बास. ही दंतकथाच असणार. पण गंमत बघा, ज्यांच्या घरात देव्हारा नाही, ज्यांना मी गणपतीला मोदक का ठेवते ते तीनदा समजावलं, ती लॅबमधली पोरं पेपरच्या दिवशी गुपचूप तिकडून चक्कर मारून येतात. शिवाय नाणं टाकायचं नाही, ठेवायचं. फेकलेलं चालत नाही असं मला एकीने सांगितलं, जसं काही तिने पोथीत वाचलंय. आणि आता तर २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेने पेनी पाडणंच बंद केलं, एका पेनीला साडेतीन सेंटच्या वर खर्च येत होता म्हणून, तर इथे सगळ्यात मोठी चिंता ही की पुढच्या वर्षी सुलीला ठेवायचं काय! दुकानात सुट्टे मिळाले की पोरं पेन्या बाजूला काढून ठेवतायत.

आता माणसाबद्दल. बाबा तुम्ही रयतमध्ये ३२ वर्षं इतिहास शिकवलात, त्यामुळे तुम्ही फोन ठेवल्यावर मीही वाचत बसले, परीक्षा असताना. जन्म १८३८ चा, आयोवातला, पण वाढला टेक्सासात. शिकत असतानाच्या सुट्टीत कोमांची या तिथल्या मूळ रहिवासी लोकांशी लढायला गेला आणि मरता मरता वाचला. १८६० मध्ये टेक्सास रेंजर्स या तिथल्या सशस्त्र दलाचा कॅप्टन म्हणून पीस नदीवर कोमांचींच्या तळावर हल्ला केला. त्यात सिंथिया ॲन पार्कर सापडली, कोमांचींनी लहानपणी पळवून नेलेली गोरी मुलगी, २४ वर्षं त्यांच्यात राहिलेली, त्यांच्यातच लग्न होऊन पोरं झालेली. हिला 'सोडवलं' म्हणून रॉसचं नाव झालं, पण ती काही गोऱ्या नातेवाइकांत रमली नाही, परत जायचा प्रयत्न करत राहिली. मारल्या गेलेल्यांत बायका होत्या, आणि राजकारणात ही लढाई खूप फुगवून सांगितली गेली. मग १८६१ ला अमेरिकेच्या यादवी युद्धात कॉन्फेडरेट, म्हणजे गुलामगिरी टिकवू बघणाऱ्या दक्षिणेकडच्या राज्यांच्या, सैन्यात साधा शिपाई म्हणून भरती, आणि पंचविशीत ब्रिगेडियर जनरल. लहानमोठ्या १३५ चकमकी म्हणतात. एका हिवाळ्यात तर मलेरियाचा ताप दर तिसऱ्या दिवशी चढायचा तरी घोड्यावर. आणि मिसिसिपी राज्यातल्या याझू सिटीच्या मोहिमेत काळ्या सैनिकांना पकडून मारल्याचा आरोप त्याच्या ब्रिगेडवर आहे. तर बाबा, तुमचं चूक नव्हतं. हे मी फोनवर म्हणाले नाही, इथे लिहितेय.

युद्धानंतर शेती, मग शेरीफ, सिनेटर, दोनदा गव्हर्नर, आणि १८९१ ला या कॉलेजचा प्रेसिडेंट. तेव्हा इथे नळाचं पाणीसुद्धा नव्हतं आणि कॉलेज बंद पडतंय की काय अशी बोलणी होती. लोकांनी कॉलेज बघून नाही, याचं नाव बघून पोरं पाठवली. सात वर्षं चालवलं, १८९८ च्या जानेवारीत गेला. म्हणून ही मंडळी त्याला सोडत नाहीत. २०२० मध्ये पुतळ्यावर रंग फेकला गेला, हटवा म्हणणारे आणि राहू द्या म्हणणारे समोरासमोर उभे होते, शेवटी राहिला. पण २०२१ मध्ये मॅथ्यू गेन्सचाही पुतळा उभा केला. हा गुलामीत जन्मलेला, पुढे टेक्सासचा सिनेटर झालेला माणूस, ज्या कायद्याने हे कॉलेज निघालं त्याच्यासाठी झटलेला. त्याच्यापाशी कोणी पेनी ठेवताना मी तरी बघितलं नाही. मी पण ठेवली नाही. तुम्ही विचारणार म्हणून सांगून टाकते.

मग सुलीपाशी का ठेवली? कारण ग्रेडची सरासरी तीनच्या खाली गेली तर माझी असिस्टंटशिप धोक्यात येते, आणि त्या पेपरच्या आदल्या रात्री मला झोप नव्हती, आणि खिशात पेनी होती. एवढंच. पेपर बरा गेला, काळजी करू नका.

अजून एक. त्याच पुतळ्यासमोर इथे सिल्व्हर टॅप्स होतं. शिकत असताना कोणी विद्यार्थी गेला तर पुढच्या महिन्याच्या पहिल्या मंगळवारी रात्री साडेदहाला दिवे घालवतात, हजारो पोरं जमतात आणि कोणी चकार शब्द काढत नाही, बंदुकांची सलामी होते आणि वरून बिगुल तीनदा वाजवतात, उत्तरेला, दक्षिणेला, पश्चिमेला. पूर्वेला नाही, कारण त्याच्यासाठी आता सूर्य उगवणार नाही म्हणून. पहिल्यांदा १८९८ ला रॉससाठीच केलं होतं. आजीचं झालं त्याच्या पुढच्या मंगळवारी मी जाऊन उभी राहिले. ओळखीचं कोणी गेलं नव्हतं. आई, तिकीट खरंच एक लाख साठ हजार दाखवत होतं आणि मिडटर्म दोन दिवसांवर होती, हे मी तेव्हाही सांगितलं, आता परत सांगत बसत नाही. दहाव्याला कावळा लगेच शिवला म्हणालीस ते बरं वाटलं.

आता पैशाचं. या महिन्यात ४०० डॉलर पाठवतेय, हप्त्यात घाला, दादाच्या गाडीत नाही, दादा हे तूच वाचून दाखवत असशील तर हसू नकोस. जानेवारीत थोडे कमी येतील, इन्शुरन्स कापला जातो.

आणि कराडच्या स्थळाचं, आई, मी मुलाशी बोलले, एकदा नाही चारदा बोलले, तुला माहीतच असणार कारण त्याची आई तुला फोन करते. मुलगा चांगला आहे. पण तो विचारतो इकडे राहणार का तिकडे येणार, आणि मला त्याचं उत्तर इंटर्नशिपचं कळल्याशिवाय देता येत नाही. तोवर हो पण म्हणू नका, नाही पण म्हणू नका. आणि साखरपुड्याचा खर्च मांडायच्या आधी आजीच्या पाटल्या बँकेतून सोडवायच्या आहेत. माझ्या फीसाठी ठेवल्या होत्या, मीच सोडवणार. पावती कुठल्या डब्यात आहे ते दादाला दाखवून ठेव, मे महिन्यात लागेल.

तुमची,
छोटी