तात्या, तुम्ही थांबलात म्हणून

ती. तात्या, कोपरखैरण्याहून साष्टांग नमस्कार.

तुम्ही फोनवर काही वाचत नाही हे ठाऊक आहे. तुमच्या पुतण्याला सांगून ठेवलंय, संध्याकाळी तुमची लाँच बांधली की तो वाचून दाखवेल. असं जाहीर लिहायचं कारण एवढंच, की समोर येऊन आभार मानले की तुम्ही "गप ए पोरी" म्हणता आणि इंजिनाकडे तोंड फिरवता. आईला घेऊन मुद्दाम तापोळ्याला आले होते, तेव्हाही तेच केलंत. आता कुणीकडे तोंड फिरवाल?

नागपंचमीला मी माहेरी आले होते, त्यातली ती रात्र, आईला मण्यार चावली ती. मण्यार चावली की ना सूज, ना आग. झोपेत चावते आणि माणसाला पत्ता लागत नाही. आई उठून बसली ती पोटात कळ येते म्हणून. थोड्या वेळाने तिच्या पापण्या उचलेनात, शब्द जड व्हायला लागले. थोरल्या चुलत्यांनी बॅटरीचा उजेड तिच्या तोंडावर धरला, डोळे बघितले आणि म्हणाले, "हे पोटाचं नाही. झोळी काढा."

आमच्या वाडीत रेंज नाही. भाऊ पावसात सड्यावर पळत गेला, तिथून तुम्हाला फोन लागला. पलीकडून तुम्ही दोनच वाक्यं बोललात. "कुशीवर निजवून आणा, उताणी नको. मी येऊन थांबतो."

कांदाटी खोरं ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. शिंदी, वळवण, चकदेव, उचाट, अकल्पे, लामज ही गावं कागदावर महाबळेश्वर तालुक्यात आहेत. मधे शिवसागर जलाशय पसरलाय, म्हणजे कोयनेच्या धरणाचं पाणी. दवाखाना, कचेरी, बाजार सगळं पलीकडे तापोळ्याला किंवा त्याच्याही पुढे. चकदेवची माणसं तर बाजाराला उलट्या दिशेने शिड्या उतरून कोकणात, खेडच्या बाजूला जातात. सातबारा साताऱ्याचा आणि मीठमिरची रत्नागिरीची! पावसाळ्यात दरडी येतात, साकव वाहून जातात. मग बाहेर पडायला तुमची लाँच तेवढी उरते.

साकव त्याही वर्षी गेलाच होता. झोळी ओढ्याच्या अलीकडे अडकली. पाणी कमरेच्या वर. चौघांनी वासा खांद्यावरून डोक्यावर घेतला, दोघं दोर धरून पलीकडे गेले. एरवी तासा-दीड तासाची उतरण, त्या रात्री किती वेळ गेला कुणाच्या ध्यानात नाही. सारखं वाटत होतं, लाँच आली असेल आणि माणसं दिसत नाहीत म्हणून परत गेली असेल. अशा पावसात, अशा काळोखात कोण कुणासाठी तिष्ठत बसेल? शेवटच्या वळणावर इंजिनाचा आवाज ऐकू आला. तुम्ही ते बंदच केलं नव्हतंत. गार पडलं आणि ऐन वेळी सुरू झालं नाही तर, म्हणून डिझेल जळू दिलंत. पुतण्या नाळेवर घोंगडी पांघरून बसलेला, हातात बांबू.

धुकं असं, की हात लांब केला तर बोटं दिसेनात. त्या पाण्यात धरणाआधीच्या झाडांची खोडं अजून उभी आहेत. त्यातलं एक जरी बुडाला लागलं तर काय होतं ते खोऱ्यात सगळ्यांना माहीत आहे. पुतण्या बांबूने चाचपत "डावीकडं, डावीकडं" ओरडत होता. तुम्ही एका हाताने सुकाणू धरून मागे न बघता मला सांगत होता, "बोलत ऱ्हा तिच्याशी. तोंडातली लाळ पुसत ऱ्हा, घशात जाऊ दिऊ नको." हे तुम्हाला कुणी शिकवलं, मी विचारलंच नाही. आमची झोळी उतरत होती तेवढ्यात तुम्ही आरोग्य केंद्रातही कळवून ठेवलं होतंत. तापोळ्याला लाँच लागली तेव्हा सिस्टर छत्री घेऊन काठावर उभ्या होत्या. इंजेक्शनं तिथेच सुरू झाली. मग गाडीतून सातारा, तिथे श्वासाची नळी, आणि अखेर आई शुद्धीवर आली. शुद्धीवर आल्यावर पहिलं काय विचारलं असेल? नाचणीची रोपं लावून झाली का!

त्या रात्रीचे आभार तर आहेतच, पण एवढ्यावर पत्र थांबवलं तर तुमच्यावर अन्याय होईल. तुम्ही थांबता, हीच तुमची रीत. दहावीच्या परीक्षेला जाणारी पोरं डोंगर उतरताना दिसली की तुम्ही दोर सोडत नाही. रेशनचं धान्य उशिरा आलं तरी पोती चढल्याशिवाय निघत नाही. घराचे पत्रे, गॅसची टाकी, शेळ्या, गौरी-गणपतीला मुंबईहून येणारे चाकरमानी आणि त्यांच्या बॅगा, हळदीच्या अंगाने बसलेली नवरी, कधी कापडात गुंडाळलेलं माणूस. हे सगळं त्याच फळ्यांवरून जातं. एप्रिल-मे महिन्यात पाणी ओसरलं की लाँच वरपर्यंत येत नाही. मग भेगाळलेल्या गाळातून चालत तुमच्यापर्यंत पोचायचं, आणि तुम्ही असता.

त्या गाळात जुन्या घरांची जोती उघडी पडतात. आजोबा काठी टेकून दाखवायचे, हा आपला उंबरा, हा गोठा. साठच्या दशकात पाणी चढलं, तेव्हा कुणाला रायगड-ठाण्याकडे जमिनी दाखवल्या, कुणाला सोलापूर-सांगलीकडे. काही घरं नुसती वर सरकली, जंगलाच्या कडेला. त्यातलं आमचं एक. पुढे १९८५ साली कोयना अभयारण्य झालं, २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. गवे आणि रानडुकरं नाचणी-वरी खातात, अस्वल माणसाला फाडतं, आणि वाट रुंद करायची म्हटलं की परवानगीचे कागद फिरत राहतात. कोयनेची वीज १,९६० मेगावॅट. आमच्याकडे वादळात खांब पडला की आठवडेच्या आठवडे चिमणी. पाण्याचा राग आजोबांना शेवटपर्यंत होता. तुमच्या लाँचमध्ये मात्र ते पुढच्या फळीवर ऐटीत बसायचे.

आणखी एक, जे तुम्ही कधी बोलत नाही. तापोळ्याला 'मिनी काश्मीर' म्हणून पर्यटक येतात. सुट्टीच्या दिवशी त्यांना तासभर फिरवलं तर खोऱ्यातल्या फेरीपेक्षा कितीतरी जास्त सुटतात. तुमच्या बरोबरीच्या बऱ्याच जणांनी तेच धरलं आणि त्यांना नावं ठेवायची माझी हिंमत नाही. पोटं त्यांनाही आहेत. पण तुम्ही हंगामातही सकाळची आणि संध्याकाळची फेरी कधी विकली नाहीत. तुमच्या घरी त्यावरून काय ऐकून घ्यावं लागतं, ते काकींनी मला हसत हसत सांगितलंय. तेव्हा हे आभार काकींचेही. त्या रात्री उठून तुम्हाला चहा आणि आईसाठी कोरडं पातळ त्यांनीच दिलं होतं.

तापोळ्याजवळच्या मोठ्या पुलाचं काम निघालं तेव्हा मी तुम्हाला विचारलं होतं, आता लाँचचं काय? तुम्ही म्हणालात, "पूल व्हायलाच पायजे. माणूस काय आयुष्यभर माझ्या डिझेलवर जगणार व्हय?" ज्याचा धंदा त्याने बसेल त्याच्या तोंडून हे ऐकलं, आणि मोठमोठ्या सभांमधली विकासाची भाषणं मला फिकी वाटायला लागली.

आता कामाचं. आई माघात देवाच्या जत्रेला गावी येणार आहे. सोबत मी, माझी दोन्ही पोरं आणि पिठाची घरगुती गिरणी आहे, ती जड आहे, तर पुतण्याला धक्क्यावर असू द्या. भाड्याचे आणि त्या रात्रीच्या डिझेलचे पैसे पाकिटात घातलेत. ते तुम्ही घेणार नाही, म्हणून काकींच्या हातात देणार आहे. त्यांच्याशी बोलणं झालंय, त्या घेणार आहेत.

तुमची,
शिंदीच्या वरल्या वाडीची लेक